परतूरचा जिल्हा बदलला, मतदारसंघ नाही

1 मे 1981 रोजी महाराष्ट्राच्या नकाशावर दोन नवे जिल्हे आले. कोकणात रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला आणि मराठवाड्यात जालना.

जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आले, तर परतूर परभणीतून. पुढे परतूरमधून मंठा, अंबडमधून घनसावंगी वेगळे झाले. बदनापूर धरून आज आठ तालुके आहेत. तालुका जवळ येणं ही कागदावरची गोष्ट नव्हे. सातबाऱ्याच्या एका दुरुस्तीसाठी शेतकऱ्याचा अख्खा दिवस एसटीत जायचा, तो वाचतो.

हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. राज्यं बदलली, तरी जालन्यासाठी जिल्ह्याचं ठाणं औरंगाबादच राहिलं. कुंडलिका नदीकाठच्या या जुन्या बाजारपेठेला स्वतःचा जिल्हाधिकारी मिळायला आणखी 21 वर्षं लागली, आणि हा उशीर खटकतो.

जुन्या हद्दी मतपेटीत मात्र काही अंशी अजून जिवंत आहेत. परतूर आणि घनसावंगीचे मतदार लोकसभेला परभणीचा खासदार निवडतात. उलट सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात असूनही जालन्यासाठी मत देतात.