गृहपाठ का केला?

गणिताच्या गृहपाठाच्या वह्या तपासताना आपल्याला काय दिसते? उदाहरणे सोडवली की नाहीत, रीत बरोबर आहे की नाही, उत्तर जुळते की नाही. समजा, नववीतल्या दोन मुलींच्या वह्या सारख्याच पूर्ण आहेत. एकीला प्रमेयाची सिद्धता जमेपर्यंत चैन पडत नाही. दुसरी, वर्गात उभे राहावे लागेल या धास्तीने रात्री जागते. वहीत हा फरक उमटत नाही. मग तो मोजायचा कसा?

रिचर्ड रायन आणि जेम्स कॉनेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली यासाठी एक प्रश्नावली मांडली. ‘मी गृहपाठ का करतो?’ हा तिच्यातला एक प्रश्न. पुढे निरनिराळी कारणे दिलेली असतात. प्रत्येक कारण स्वतःला किती लागू पडते, ते मुलाने चारपैकी एका पर्यायावर खूण करून सांगायचे. ‘अगदी खरे’ला ४ गुण, ‘मुळीच खरे नाही’ला १.

या कारणांचे चार गट पडतात. पहिला बाहेरच्या धाकाचा : केला नाही तर शिक्षा होईल. दुसरा मनातल्या धाकाचा : केला नाही तर माझी मलाच लाज वाटेल. तिसरा पटलेल्या महत्त्वाचा : मला हा विषय समजून घ्यायचा आहे. चौथा निखळ आवडीचा : करताना मजा येते. प्रत्येक गटात अनेक विधाने असतात व त्यांच्या गुणांची सरासरी काढतात. त्यामुळे एखादी खूण चुकून झाली, तरी निष्कर्ष फारसा बिघडत नाही.

आता थोडे गणित करू. चौथ्या गटाच्या सरासरीची दुप्पट करायची, तीत तिसऱ्याची सरासरी मिळवायची, दुसऱ्याची वजा करायची आणि पहिल्याची दुप्पट वजा करायची. आपल्या पहिल्या मुलीच्या सरासऱ्या पहिल्या गटापासून क्रमाने १, २, ४, ३ आल्या असे मानू. तिचा निर्देशांक ६ + ४ − २ − २ = ६. दुसरीच्या ४, ३, २, १ असतील, तर २ + २ − ३ − ८ = −७. वह्या सारख्या, पण निर्देशांकांत १३ चे अंतर!

मात्र या एका आकड्यावर विसंबू नये. सगळीकडे १ लिहिणाऱ्याचा निर्देशांक शून्य येतो आणि सगळीकडे ४ लिहिणाऱ्याचाही शून्यच. म्हणून चारही सरासऱ्या वेगवेगळ्या पाहाव्यात.

तसे पाहिल्यावरच रायन आणि कॉनेल यांना एक महत्त्वाची गोष्ट दिसली. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही गटांत जास्त गुण असलेली मुले मेहनत करतात. परंतु मनातल्या धाकाला चिंतेची जोड असते आणि अपयश आले की ही मुले अधिक खचतात. महत्त्व पटलेल्या मुलांना शाळेत अधिक आनंद वाटतो. म्हणजे, जिच्याबद्दल आपण निर्धास्त असतो, तीच मुलगी आतून घाबरलेली असू शकते.

हा अभ्यास तिसरी ते सहावीच्या मुलांचा होता. नववी-दहावीसाठी विधाने नव्याने लिहावी लागतील, आणि तेथे एक अडचण आहे. ‘दहावीला चांगले गुण हवेत’ हे कारण कोणत्या गटात घालायचे? वडील रागावतील म्हणून गुण हवे असतील, तर पहिल्या. पुढे अभियांत्रिकीला जायचे मनाशी ठरवले असेल, तर तिसऱ्या. तेव्हा प्रत्येक विधानात ‘कशासाठी’ हे स्पष्ट आले पाहिजे.

आणखी एक पथ्य. उत्तरपत्रिकेवर नाव असले, की मुले आपल्याला आवडेल तेच लिहितात. म्हणून नाव नको आणि गुणही नकोत. त्यातून एकेक मूल ओळखता येणार नाही, पण वर्गाचा कल कळेल. दुसऱ्या गटाची सरासरी बरीच वर गेलेली दिसली, तर आपण वह्या कशा तपासतो, चुकलेले उदाहरण वर्गासमोर कसे मांडतो, याचा विचार आपल्यालाच करावा लागेल.