विमानाच्या एंजिनातील प्लग-वॉशरची टिकाऊपणाची कसोटी

दि. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी श्री. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरले. त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानास एकच एंजिन होते. त्यात सिलिंडर चार व प्रत्येकास स्पार्किंग प्लग दोन. अशा एंजिनात प्रत्येक प्लगच्या बुडाशी तांब्याचे एक लहान कडे बसविलेले असते. कारागीर त्यास ‘वायसर’ म्हणतात. या क्षुल्लक वस्तूचा टिकाऊपणा कसा पारखावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

वॉशरची कार्ये दोन: ज्वलनवायू बाहेर निसटू न देणे, आणि प्लगची उष्णता सिलिंडरच्या माथ्याकडे पोहोचविणे. वॉशर गळू लागल्यास प्लग अतितप्त होतो. मग ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते व दट्ट्या वितळण्यापर्यंत पाळी येते.

प्लगचे कवच पोलादी, माथा अ‍ॅल्युमिनियमचा. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले असता पोलाद लांबीच्या दशलक्षांशी सुमारे १२ भाग प्रसरण पावते, तर अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३. त्यामुळे एंजिन तापताना वॉशरवरील दाब वाढून तांबे आणखी चेपते. निवल्यावर मात्र ते पूर्ववत होत नाही आणि पकड ढिली पडते.

म्हणून केवळ दाबयंत्रात घालून वॉशरची परीक्षा होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात प्लग ठरावीक पिळाने आवळावा, ठोकळा वारंवार तापवून निववावा, आतून हवेचा दाब द्यावा आणि सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. प्रत्येक टप्प्यानंतर उरलेला पीळ मोजावा. अखेरीस वॉशरची जाडी व कठीणपणा तपासावा. डोंबिवली-मानपाडा भागातील एखाद्या लहान कारखान्यातही एवढी सामग्री जुळविता येईल.

येथे एक विरोधाभास ध्यानी घ्यावा. चेपलेले तांबे अधिक कठीण होते. परंतु वॉशरचा गुण कठीणपणा नव्हे, मऊपणा होय. मऊ तांबेच पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचा भरून काढते. लाल तापवून पाण्यात बुडविलेले पोलाद कठीण होते, तांबे मात्र मऊ होते. म्हणून जुना वॉशर असा तापवून पुन्हा वापरण्याची रीत पडली. तथापि गेलेली जाडी त्याने परत येत नाही.

यास्तव प्लग उतरविला की नवा वॉशर घालणे, हेच श्रेयस्कर. डोळ्यांस अखंड दिसणारा वॉशर निकामी झालेला असू शकतो, हाच या कसोटीचा धडा होय.