पांढऱ्या पट्टीतला प्रवास

अंतराळातल्या लढायांचं कुठलंही कॉमिक्स उघडा. पहिल्या चौकटीत यान पृथ्वीवरून उडालं. दुसऱ्या चौकटीत ते परक्या ग्रहावर उतरलं, दार उघडलं, आणि समोर हिरव्या कातडीचे सैनिक भाले रोखून उभे! मग सांगा, प्रवास झाला कुठे? चित्रकाराने तर तो काढलाच नाही. दोन चौकटींच्या मध्ये आहे फक्त एक पांढरी पट्टी, करंगळीच्या नखाहूनही अरुंद.

त्या पट्टीत किती मावलंय याचा हिशेब करून बघू. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली निघालं. आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातंय. रायपूरहून मुंबई रेल्वेने साधारण अकराशे किलोमीटर. आपण डबे बांधून घेतो, गाडीत एक झोप काढतो, तरी कल्याण काही येत नाही. व्हॉयेजरला एवढं अंतर कापायला एक मिनिट आणि वर चार-पाच सेकंद पुरतात. पण याच वेगाने सूर्याच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याकडे, प्रॉक्झिमा सेंटॉरीकडे, जायचं म्हटलं तर जवळजवळ ७५ हजार वर्षं लागतील. कॉमिक्सवाला ही सगळी वर्षं एका पट्टीत कोंबतो आणि तुम्ही हूं की चूं न करता पान उलटता. कारण तो प्रवास तुम्ही डोक्यातल्या डोक्यात उरकून टाकलेला असतो.

माझं तर म्हणणं आहे, अशा कॉमिक्समधलं अर्धं चित्र वाचणाराच काढतो.

आता जरा जुनी गोष्ट. ७ जानेवारी १९३४ला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रविवारच्या पानावर ‘फ्लॅश गॉर्डन’ सुरू झालं. चित्रकार होते ॲलेक्स रेमंड. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळायला येतोय, आणि डॉक्टर झारकॉव्ह नावाचा डोकं फिरलेला शास्त्रज्ञ फ्लॅश आणि डेल या दोघांना बळजबरीने आपल्या रॉकेटमध्ये बसवून थेट त्या ग्रहाकडेच निघतो. पुढे काय नाही? दुष्ट सम्राट मिंग, पंखवाली माणसं, राजकन्या, दगाबाजी, सुटका, पुन्हा कैद! विज्ञानाच्या नावाने थोडी बोंबच होती, पण रेमंडचा कुंचला असा की मोंगोवरचे राजवाडे खरेच वाटावेत.

हाच फ्लॅश पुढे आपल्याकडेही आला. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने १९६४च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं होतं. त्यात वेताळ असायचा, मँड्रेक असायचा आणि नंतर फ्लॅश गॉर्डनही. ती पुस्तकं हिंदीत निघत, मराठीतही निघत. रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत कुणाचे मराठी आजोबा असतील तर विचारून बघा, ते कुठल्या भाषेत वाचायचे. बहुतेक दोन्ही सांगतील. १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं, पण अजूनही कुणाकुणाच्या माळ्यावर गठ्ठा सापडतो. सापडला, तर रद्दीत जाऊ देऊ नका. आपल्याला तो लागणार आहे.

कशाला? भिंगाखाली धरायला! हिरव्या सैनिकाच्या गालावर भिंग ठेवा. हिरवा रंग गायब! तिथे दिसतील पिवळे आणि निळसर ठिपके, काही शेजारी शेजारी, काही एकमेकांवर चढलेले. छापखान्यात हिरवी शाई वापरलेलीच नसते. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया. पुस्तक हातभर लांब धरलं की बारीक ठिपके आपल्या डोळ्याला वेगवेगळे ओळखता येत नाहीत. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जवळ असलेल्या दोन गोष्टी तर तिथून एकच दिसतात. मग डोळा आणि मेंदू मिळून ठरवतात, ‘हा हिरवा.’ म्हणजे सैनिकाला रंगवलं कुणी? अर्धं छापखान्याने, अर्धं तुम्ही.

ही युक्ती रायपूरकरांना नवी वाटायला नको. तुमच्याकडे पंडवानी आहे की! भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई आठवा, २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या. त्या उभ्याने गायच्या, त्या प्रकाराला कापालिक म्हणतात. सगळं महाभारत सांगायचं, आणि सामान काय, तर हातातला एक तंबुरा. तो खांद्यावर टाकला की भीमाची गदा, तिरका धरला की अर्जुनाचं धनुष्य. शेजारचा साथीदार, म्हणजे रागी, ‘मग काय झालं?’ अशा थाटात हुंकार भरतो, आणि रथ, हत्ती, कुरुक्षेत्रावरची धूळ बघणारे आपापल्या डोक्यात उभी करतात. राजवंशांची भांडणं, अस्त्रं, सिंहासनं हा सगळा मसाला मोंगोवर जसाच्या तसा आहे. फक्त रथाच्या जागी रॉकेट आलं.

आता मात्र चित्रकारांची थोडी कानउघाडणी करतो. यान वेगात निघालं की ते ताऱ्यांच्या लांबच लांब रेघा ओढतात. दिसायला झकास, पण खरं नाही. पावसात सायकल जोरात हाणली की सरळ पडणाऱ्या सरी समोरून तोंडावर येतात ना? प्रकाशाच्या वेगाजवळ पोचलेल्या यानातून ताऱ्यांचंही तसंच होईल. आजूबाजूचे तारे सरकून पुढच्या बाजूला गोळा झालेले दिसतील, पण राहतील ठिपकेच.

यानात आग लागली की हे लोक वर उसळणाऱ्या ज्वाळा काढतात. ज्वाळा वर जाते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. पृथ्वीभोवती घिरट्या घालणाऱ्या यानात सगळंच तरंगतं, तिथे हवेला ‘वर’ म्हणजे कुठे हेच कळत नाही. म्हणून तिथली ज्वाळा निळसर आणि गोल चेंडूसारखी होते. अंतराळवीरांनी प्रयोग करून हे पाहिलंय. विचार करा, गोल आगीचं चित्र किती भारी दिसेल! कुणी काढत का नाही देव जाणे.

आणि तो ‘धडाम’! अंतराळात आवाज वाहून न्यायला हवाच नाही. बाजूचं यान फुटलं तरी तुम्हाला काही ऐकू येणार नाही. तरी चित्रकार मोठ्ठ्या लाल अक्षरांत ‘धडाम’ लिहितो आणि तुमच्या कानात तो वाजतो. हे मी त्यांना माफ करतो. कारण तो आवाजही शेवटी तुम्हीच काढलात.

आता एक कोरा कागद घ्या आणि दोनच चौकटी आखा. पहिलीत बूढ़ा तालाबाच्या काठावरून यान उडू द्या. दुसरीत ते शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर उतरू द्या. मधली पट्टी कोरीच ठेवा. कॅसिनी यानाला १९९७मध्ये निघून शनीपर्यंत पोचायला पावणेसात वर्षं लागली होती, तेवढी त्या पट्टीत आरामात बसतात. त्याने सोबत नेलेलं हायगेन्स १४ जानेवारी २००५ला खरोखरच टायटनवर उतरलं. तिथलं आकाश नारिंगी आणि धूसर काढा, म्हणजे तारे काढायचा त्रास वाचेल. चित्र मित्राला दाखवा आणि विचारा, मध्ये काय काय झालं? मग बहिणीला विचारा. दोघांची उत्तरं जुळली तर मला कळवा.

आणि हो, उतरताना यान आपटलं तर ‘धडाम’ बिनधास्त लिहा. टायटनवर हवा आहे, जमिनीजवळ तिचा दाब आपल्या दीडपट. तिथे खरंच आवाज होईल.