जिओजेब्राचा पहिला पाठ

गणिताच्या संगणकीय साधनांची ओळख करून देणारे ऑनलाइन वर्ग आता खेड्यातील शिक्षकासही घरी बसून करता येतात. प्राथमिक शिक्षकाने आरंभ जिओजेब्रा या सॉफ्टवेअरपासून करावा, हे सोयीचे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने त्याची रचना केली. भूमिती व बीजगणित दोन्ही त्यात एकाच पडद्यावर दिसतात. शाळेतील वापरास मूल्य पडत नाही, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही ते चालते.

पहिल्या तासास साधनांची नावे पाठ करीत बसू नये. एक चौरस दोन रीतींनी काढून पाहावा. प्रथम केवळ नजरेच्या अंदाजाने चार बिंदू मांडून जोडावेत. आकृती चौरसासारखी दिसते. परंतु एक बिंदू माउसने धरून ओढताच ती मोडते आणि वेडावाकडा चौकोन उरतो. आता रेषाखंड कख घेऊन क व ख येथे त्यास लंब काढावेत. क केंद्र व कख त्रिज्या घेऊन वर्तुळ काढावे. क वरील लंबास ते ज्या बिंदूंत छेदते त्यांपैकी एक ग मानावा, आणि ग मधून कख ला समांतर रेषा काढून ख वरील लंबावर घ मिळवावा. ही आकृती ओढली असता लहानमोठी होते, तिरपी होते, पण चौरसपण सोडीत नाही. तिच्यात चौरसाचे गुणधर्मच गोवलेले आहेत. तिरपा ठेवलेला चौरस पाहून पुष्कळ मुले त्यास पतंग म्हणतात. त्यांच्यासमोर हा चौरस सावकाश फिरवावा.

कोन मोजताना मात्र फसगत होते. हे साधन कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते, म्हणून त्रिकोणाचे शिरोबिंदू काट्यांच्या दिशेने निवडले तर आतील कोन मिळतो; उलट क्रमाने निवडल्यास प्रविशाल कोन येतो. तिन्ही कोन असे उलट घेतले गेले तर बेरीज १८० ऐवजी ९०० अंश भरते! वर्गापुढे असे घडण्यापूर्वी शिक्षकाने ते घरी घडवून पाहिलेले बरे.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. समजा, कोनांची मापे ५९.०४४, ६१.४७४ व ५९.४८२ अंश आहेत. पडद्यावर दोनच दशांशस्थळे असल्यास ५९.०४, ६१.४७ व ५९.४८ दिसतील आणि बेरीज १७९.९९ होईल. एखादा चौकस विद्यार्थी हे विचारीलच. यंत्र चुकले असे सांगून त्यास गप्प बसविणे अयोग्य होय. स्थळे वाढवून दाखवावे, आसन्न मूल्य म्हणजे काय ते तेथेच समजवावे. शंभर त्रिकोण मोजूनही सिद्धता होत नाही, हेही मोठ्या वर्गांस सांगावे. ती शिरोबिंदूतून पायास समांतर रेषा काढून, व्युत्क्रम कोनांच्या आधारे, फळ्यावरच द्यावयाची आहे.

मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात जिओजेब्राचे छोटे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. पाठ थोडा पाहावा, थांबवावा, तेवढीच कृती स्वतः करावी व मग पुढे जावे. नुसता पाहिलेला पाठ दुसऱ्या दिवशी आठवत नाही. संगणक एकच असेल तर दोघा शिक्षकांनी आळीपाळीने माउस हाती घ्यावा, आणि सॉफ्टवेअर आदल्या दिवशीच उतरवून ठेवावे.