भर उन्हाळ्यातही रुग्ण गारठतो

एप्रिलमध्ये उमरेडला दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशाच दिवसांत, ११ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी, इथल्या एमआयडीसीतील ॲल्युमिनियमच्या एका कारखान्यात स्फोट झाला. त्यात कामगार दगावले, काही गंभीर भाजले. अशा भाजलेल्या माणसाला थंडीपासून जपावे लागते असे कोणी म्हटले, तर आपल्याला खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे.

कातडी ही शरीराची चादर. ती जळाली की अंगातले पाणी वाफ होऊन उडू लागते आणि पाझरणाऱ्या माठासारखे शरीर गार पडत जाते. त्यात भर पडते सलाईनची. मोठ्या माणसाला पहिल्या २४ तासांत किती सलाईन लागेल, याचा डॉक्टरांचा एक ढोबळ हिशेब आहे: वजनाचे किलो, भाजलेल्या भागाची टक्केवारी आणि ४ यांचा गुणाकार, तितके मिलिलीटर. ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला, तर ९,६०० मिलिलीटर! त्यातले निम्मे भाजल्यापासून पहिल्या ८ तासांतच. खोलीत ठेवलेले एक लीटर सलाईन शरीराचे तापमान सुमारे पाव अंशाने उतरवते. रक्तपेढीत रक्त २ ते ६ अंशांवर ठेवलेले असते. त्याची एक पिशवीही जवळपास तेवढाच गारवा अंगात नेते.

एका पिशवीने बिघडत नाही. पण बाळंतपणात किंवा अपघातात खूप रक्त गेले आणि पिशव्यांमागून पिशव्या भराभर द्याव्या लागल्या, की अडचण सुरू होते. शरीर गारठले की रक्त नीट गोठत नाही, म्हणून रक्तस्राव थांबत नाही. मग आणखी रक्त, म्हणजे आणखी गारवा. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बोयान आणि हाउलंड या डॉक्टरांनी भराभर रक्त दिलेल्या रुग्णांची नोंद ठेवली. थंड रक्त मिळालेल्या ३६ जणांपैकी २१ जणांचे हृदय बंद पडले. कोमट करून दिलेल्या ११८ जणांपैकी ८ जणांचे.

म्हणून मोठ्या रुग्णालयांत ब्लड वॉर्मर असतो. रक्ताची किंवा सलाईनची नळी या यंत्रातून जाते आणि आतले द्रव शरीराइतके कोमट होऊन शिरेत उतरते.

हे काम आपण घरच्यांनी करायचे नाही. पिशवी काखेत धरणारे, गरम पाण्यात बुडवणारे, उन्हात ठेवणारे नातेवाईक आपण पाहिलेले असतात. त्यांची माया खरी, पण उपाय घातक. ४२ अंशांपुढे रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा धोका असतो, आणि ऊब मिळाली की जंतूही वाढतात. पिशवी आणली की थेट सिस्टरच्या हाती द्यावी.

मग आपल्या हातात काय आहे? अल्लाह न करो, पण घरात कोणी भाजलेच तर भाजलेल्या भागावर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ नको, टूथपेस्टही नको. अंगठ्या-बांगड्या लगेच काढाव्यात. नंतर जखमेवर स्वच्छ, सुती कापड सैल ठेवावे आणि बाकीचे अंग कोरड्या चादरीने झाकावे. जास्त भाजलेल्या माणसाला ओल्या चादरीत गुंडाळून नेऊ नये. १०८ ला फोन करावा. उमरेडहून नागपूर सुमारे ४५ किलोमीटर. तेवढ्या वाटेत अंगावरचे पांघरूण सरकू देऊ नये आणि गाडीचा एसी बंद ठेवायला सांगावे.

रुग्णालयात पोचल्यावर, खूप रक्त द्यावे लागणार असेल, तर डॉक्टरांना अदबीने विचारावे, "रक्त कोमट करून देण्याची सोय आहे का?" तापासाठी हळूहळू चाललेल्या एका सलाईनला त्याची गरज नसते, त्यासाठी हट्ट धरू नये. पण रुग्ण कुडकुडत असेल, हातपाय गार लागत असतील, तर बाहेर कितीही ऊन असो, सिस्टरला लगेच सांगावे. उशाशी बसलेल्या माणसाला हा गारवा आधी कळतो.