कुंडाकाठची जनता

गणेशपुरीच्या गरम कुंडात उतरणारा माणूस पाण्यात पाय घालण्याआधी एक गोष्ट न चुकता करतो. मनगटावरचं घड्याळ सोडतो, रुमालात गुंडाळतो आणि काठावरच्या कपड्यांच्या ढिगात खोल सरकवतो. भीमेश्वराच्या देवळालगतची ही कुंडं. पलीकडे तानसा नदी. थंडीतल्या पहाटे पाण्यावर इतकी वाफ असते की समोरच्याचं फक्त डोकं दिसतं. आजकालची बरीच घड्याळं पाण्याला भीत नाहीत, तरी हात आपोआप पट्ट्याच्या बकलाकडे जातो. ही सवय चावीच्या घड्याळांच्या काळातली आहे आणि तिला चांगलं सबळ कारण होतं.

ते कारण मला कळलं ते याच परिसरातल्या एका घरातून जुनं 'एचएमटी जनता' विकत घेतल्यावर. घड्याळ बंद होतं. तबकडी कडेने चहाच्या डागासारखी पिवळी पडली होती, आणि तीनच्या आकड्याजवळ, जिथून चावीचा दांडा आत शिरतो तिथे, तांबूस ओघळ होता. घड्याळजीने भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "कुंडावर घालून जायचे का हो हे?"

थेंब काचेवरून घसरून जातो, वाफ आत शिरते. गरम हवेत घड्याळाची केस तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि चावीच्या फटीतून थोडी बाहेर पडते. घड्याळ गार झालं की तेवढीच हवा आत ओढली जाते, ती मात्र दमट असते. तिचं पाणी काचेच्या आतल्या बाजूला जमतं. मशीनच्या पितळी पट्ट्या ते सोसतात. चावीचा दांडा आणि काटे लावायचे बारीक खटके पोलादाचे, ते गंजतात. एका आंघोळीने काही बिघडत नाही. वीस वर्षांच्या आंघोळींनी बिघडतं.

ज्या घड्याळाबद्दल हे चाललंय, त्याचं कूळ सांगायला हवं. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्याकडे घड्याळ म्हणजे स्विस. वेस्ट एंड आणि फाव्र-ल्युबा ही नावं मुंबईत दोन-तीन पिढ्या रुळलेली. उरलेली गरज तस्करीचा माल भागवायचा. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. गणेशपुरीकरांना १९६१ म्हटलं की आठवतो तो ८ ऑगस्ट, तिथले संत नित्यानंदस्वामी यांनी देह ठेवला तो दिवस. जुनी घड्याळं जमवणाऱ्यांना त्याच सालातलं आठवतं ते पहिलं देशी मनगटी घड्याळ.

पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथेही कारखाने निघाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं घरोघरी पोचली. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, निवृत्तीच्या निरोप समारंभात गुरुजींना घड्याळ म्हणजे एचएमटी. लग्नाच्या बोलणीत सायकल आणि रेडिओच्या शेजारी ते बसलेलं असायचं. त्यातही जनता म्हणजे नावाला जागणारं घड्याळ : साधी पांढरी तबकडी, बारीक काटे, डामडौल शून्य. तबकडीवर देवनागरी आकडे असलेली जनताही निघाली आणि आज जमवणारे तिच्याच मागे धावतात. १९८७ साली टायटनची सेलवर चालणारी घड्याळं बाजारात आली, रोज चावी द्यायची कटकट संपली आणि एचएमटीला उतरती कळा लागली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. तोवर कंपनीची दहा कोटींहून अधिक घड्याळं लोकांच्या मनगटावर गेली होती. म्हणूनच हे घड्याळ जमवणं हा श्रीमंतांचा शौक नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कपाटांत एखादं तरी निघतं.

पण निघालेलं घड्याळ आणि विकायला ठेवलेलं घड्याळ यांत फरक असतो. ही अक्कल मी पैसे मोजून घेतली. पहिली जनता मी मुंबईत एका विक्रेत्याकडून घेतली होती. लालभडक तबकडी, आरशासारखी केस, कुठे एक ओरखडा नाही. घरी आणून भिंगाखाली धरली तर अक्षरं जाडीभरडी, एकमेकांना खेटलेली. मिनिटांच्या रेषा आकड्यांपासून सरकलेल्या. सेकंदकाटा रेषांपर्यंत पोचतच नव्हता, कारण तो दुसऱ्याच कुठल्या घड्याळातला होता. तबकडी खरवडून पुन्हा रंगवलेली होती. अशा घड्याळांना जगभरच्या शौकिनांनी 'मुंबई स्पेशल' असं नाव ठेवलंय, आणि ते काही कौतुकाने नाही.

रंगवणाऱ्याच्या हातातली कला मात्र नाकारता येत नाही. शिवाय दोष त्याच्या एकट्याचा नाही. गिऱ्हाईकच म्हणायचं, डायल नवी करून द्या. जुनं दिसणारं घड्याळ घालणं म्हणजे हलाखी अशी समजूत होती, आणि सुट्या भागांची टंचाई असताना चार घड्याळांतून एक चालतं उभं करणं हे कसबच होतं. अडचण इतकीच, की रंगाखाली त्या घड्याळाची कहाणी पुसली जाते. म्हणून घेताना आधी तबकडी बघावी, मग काटे एकाच घरचे आहेत का ते, आणि पाठ उघडून दाखवायला विक्रेता कां-कूं करू लागला तर नमस्कार करून निघावं. एक इशारा जुन्या स्विस घड्याळांबद्दल : अंधारात चमकणारा जुना रंग रेडियमचा असू शकतो. तो घरी खरवडू नये.

आता माझी दुसरी, डागाळलेली जनता. घड्याळजीने पाठ उघडली आणि मशीन दाखवलं. १७ ज्वेल्सचं, सिटिझनच्या घडणीवर बेतलेलं. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणकाचे खडे. चाकांच्या आसांची टोकं त्यांत फिरतात, म्हणून झीज कमी होते. गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू उलगडते, चाकांची रांग ती ताकद पुढे नेते, आणि शेवटी बॅलन्स चाक केसाएवढ्या स्प्रिंगवर मागेपुढे झुलत तिचे सारखे हप्ते पाडतं. सेकंदाला पाच टिक, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडलं तर आपण कुरकुरतो. पण दिवसाची मिनिटं १,४४०. एवढ्यांत एक चुकणारा नोकर कुठे मिळतो?

आधी त्याने खटका हलकेच सोडून स्प्रिंगचा ताण उतरवला. हे राहिलं तर पट्टी उचलताच चाकं भिरभिरतात आणि दाते जातात. काटे काढताना तबकडीवर प्लास्टिकचा तुकडा अंथरला, ओरखडा पडू नये म्हणून. मग एकेक चाक पेट्रोलच्या वाटीत. वाळलेलं तेल तपकिरी डिंकासारखं सुटून आलं. मशीन बंद पडायचं खरं कारण ते होतं, मोडलं काहीच नव्हतं. चावीचा दांडा मात्र गंजून अर्धा झाला होता. तो बदलला, काच बदलली. शेवटी तेल. तारेच्या टोकावर डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा थेंब प्रत्येक खड्याला. जास्त दिलं तर पसरतं, धूळ धरतं आणि पुन्हा डिंक.

थोडी चावी दिली, बॅलन्स जागेवर ठेवला आणि चिमटा बाजूला घेतला. चाक एकदा अडखळलं, मग स्वतःहून झुलायला लागलं. घड्याळजीच्या आयुष्यात हे हजारदा झालं असेल, तरी तो तेवढं बघायला थांबला.

"डायलचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

तो हसला. मग पाठीचं झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या तीन बारीक खुणा होत्या, तिन्ही वेगवेगळ्या हातांच्या. घड्याळजी सर्व्हिसिंग केल्यावर अशी तारीख किंवा खूण करून ठेवतात. पुन्हा कधी आपल्याकडे आलं तर कळावं म्हणून, आणि दुसऱ्याकडे गेलं तर त्याला कळावं म्हणून. दोन तारखा वाचता आल्या, एक झिजली होती. लाल तबकडीवालं घड्याळ मी त्याच बैठकीत उघडून घेतलं. त्याचं झाकण आतूनही घासून लख्ख केलेलं होतं.

जुनं घड्याळ दुरुस्त करायचं म्हणजे काय, हे मला त्या दोन झाकणांनी शिकवलं. चालतं करायचं आणि हात आवरायचा. गंज काढायचा, कारण तो पसरतो. डाग ठेवायचा, कारण तो थांबलेला आहे. केस घासून तिच्या कडा गोल करायच्या नाहीत. बदललेला भाग पुडीत बांधून घड्याळासोबत ठेवायचा. गंजलेला दांडा माझ्याकडे अजून आहे.

घड्याळजीने सुई घेतली, तीन खुणांच्या खाली त्या दिवसाची तारीख ओरखडली आणि झाकण बसवलं.

रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी चावी देतो. बोटांना ताण जाणवला की थांबतो. दिवसाला दीड मिनिट मागे पडते माझी जनता, तेवढे काटे पुढे घेतो. आणि गणेशपुरीला गेलो की पायऱ्या उतरण्याआधी, वाफ अंगाला लागण्याआधीच, ती सोडून रुमालात गुंडाळतो.