जुलाबाच्या लसीचा कॉम्प्युटरवरील नमुना

कापडाच्या धंद्यात पूर्वी नवा नमुना काढायचा तर मागावर ताणा चढवून चार-सहा मीटर विणूनच पाहावे लागे. नापसंत झाला की सूत आणि मजुरी दोन्ही वाया. आता दहा नमुने कॉम्प्युटरवरच बाद होतात आणि एक मागावर चढतो. लसीच्या संशोधनातही असेच घडत आहे, म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत. शिवाय घरात मूल जुलाबाने निपचित पडले की बापाचा कारखान्यात खाडा पडतो, हे आपण नेहमी पाहतो.

ईटेक या जंतूचेच पाहा. आतड्यात राहणाऱ्या निरुपद्रवी ई. कोलायचा हा विषारी भाऊबंद दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो. अंगावरच्या बारीक तंतूंनी तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि मग विष सोडतो. चिकटूच दिले नाही तर त्याचे काही चालत नाही. अडचण अशी की या तंतूंचे वीसहून अधिक प्रकार आहेत. एकाविरुद्ध लस केली तर दुसरा निसटतो. सगळेच घालावेत तर माल महाग पडतो.

यावर अमेरिकेतील कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत वेईपिंग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास तोड काढली. महत्त्वाचे सात प्रकार त्यांनी निवडले. प्रत्येकातील कोणता लहान तुकडा शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल, याचा अंदाज कॉम्प्युटरने बांधला. मग एका तंतूचे प्रथिन पायाला धरून बाकी सहांचे तुकडे त्यात ठिगळासारखे बसवले. तुकडे आत दडत नाहीत ना, वरच राहतात ना, हेही पडद्यावर पाहिले. गोधडीला आपण गरिबाची वस्तू समजतो, पण इथे तीच हुशारीची ठरली! उंदरांना हे प्रथिन टोचल्यावर सातही प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि प्रयोगशाळेत त्यांनी जंतूंचे चिकटणे रोखले.

तरीही ‘कॉम्प्युटरने लस शोधली’ अशा बातम्यांना भुलू नये. पडद्यावर आखलेल्या कित्येक लसी उंदरापर्यंतही पोचत नाहीत. पुढे माणसांवरील चाचण्यांना वर्षे आणि अमाप भांडवल लागते. त्यात या आजाराचा मुख्य मार गरीब देशांतील मुलांवर. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा असेल तर कारखानदार पैसा गुंतवताना हात आखडतो, हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको. खास ईटेकसाठीची लस अजून बाजारात आलेली नाही. तोवर मुलाला जुलाब लागताच ओआरएसचे पाणी पाजावे आणि डॉक्टरला विचारून झिंकच्या गोळ्या द्याव्यात.